६० हजारांतला गेमिंग पीसी: एआयच्या शर्यतीचं बिल कबनूरपर्यंत कसं पोहोचलं?

२०२५ च्या उन्हाळ्यात ज्यांनी गेमिंग पीसीचं कोटेशन काढलं आणि 'दिवाळीनंतर बघू' म्हणून फोनमध्ये ठेवून दिलं, त्यांनी तोच स्क्रीनशॉट आता दुकानदाराला दाखवून बघावा. प्रोसेसर आणि कॅबिनेटच्या ओळींवरून तो पटकन पुढे जाईल, रॅमच्या ओळीवर मात्र थांबेल. १६ जीबीची डीडीआर५ रॅम तेव्हा साधारण चार-पाच हजारांत येत होती. वर्ष संपेपर्यंत तिचा भाव तिपटीच्या घरात गेला. डीडीआर४ आणि एसएसडीही तिच्या मागोमाग चढल्या. एकाच पीसीच्या यादीत सात-आठ वस्तू असतात. त्यातल्या दोनच वस्तूंनी सगळा हिशोब बिघडवला आहे.

इचलकरंजीला खेटून असलेल्या कबनूरसारख्या यंत्रमागाच्या गावात ६० हजार रुपये सहज उभे राहत नाहीत. कुणी भिशी उचलतं, कुणी हप्ते पाडून घेतं, कुणी दोन वर्षं साठवतं. घरात 'कॉलेजचं कामही होईल त्यावर' असं पटवून दिल्यावर हा आकडा मंजूर होतो. एकदा मंजूर झाला की तो वाढत नाही. म्हणून इथे 'बजेट थोडं वाढवा' हा यूट्यूबवरचा आवडता सल्ला काही कामाचा नाही. आकडा तोच राहणार असेल तर रॅमने खाल्लेले दहा हजार दुसऱ्या कुठल्या ओळीतून काढायचे, एवढाच प्रश्न उरतो. आणि नेमक्या चुकीच्या ओळीतून ते काढले जाताना दिसतात.

रॅम एवढी महाग का झाली?

कबनूरच्या माणसाला हे समजायला अर्थशास्त्राचं पुस्तक लागत नाही, सुताचा बाजार माहीत असला की पुरे. समजा, पूर्ण जगाला सूत पुरवणाऱ्या तीनच गिरण्या आहेत. एक दिवस एक बडा गिऱ्हाईक येतो आणि म्हणतो, अमुक एका काउंटचं जेवढं सूत निघेल तेवढं सगळं माझं, भाव तुम्ही सांगा. गिरणी काय करेल? चात्या तिकडे वळवेल. मग साध्या कापडासाठी सूत घेणाऱ्या छोट्या यंत्रमागधारकाला उरलंसुरलं मिळेल, तेही चढ्या भावाने.

रॅमचं नेमकं असंच झालंय. जगातल्या डीरॅम चिपचा ९० टक्क्यांहून जास्त बाजार दक्षिण कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन या तीन कंपन्यांकडे आहे. एआयच्या डेटा सेंटरमध्ये बसणाऱ्या चिपना एचबीएम नावाची खास मेमरी लागते. तिच्यात चिपचे थर एकावर एक रचलेले असतात. तेवढ्याच क्षमतेची साधी डीडीआर५ बनवायला जेवढी सिलिकॉनची चकती लागते, त्याच्या साधारण तिप्पट एचबीएमला लागते. म्हणजे एका बाजूला एक जीबी वाढली की दुसऱ्या बाजूला तीन जीबी कमी होते. १ ऑक्टोबर २०२५ रोजी ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्स यांच्याबरोबर इरादापत्रं केली. त्यात महिन्याला ९ लाख चकत्यांपर्यंतच्या मागणीचा आकडा होता. ३ डिसेंबरला मायक्रॉनने तर क्रुशल हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. क्रुशलची रॅम आणि एसएसडी आपल्याकडच्या स्वस्त पीसीत वर्षानुवर्षं बसत आली आहे. जवळपास तीन दशकांचा ब्रँड बंद करायला कंपनी तयार झाली, कारण तोच माल मोठ्या गिऱ्हाइकाला जास्त भावाने जातो.

मग या कंपन्या नवे कारखाने का टाकत नाहीत? टाकतायत, पण चिपचा कारखाना उभा राहून माल बाहेर यायला काही वर्षं जातात. शिवाय २०२३ मध्ये याच कंपन्यांनी रॅमचे भाव कोसळल्यामुळे प्रचंड तोटा सोसलाय आणि उत्पादन कमी केलंय. हात पोळलेला माणूस लगेच चुलीत हात घालत नाही. कापसाचंही असंच झालं होतं. मे २०२२ मध्ये खंडीचा भाव लाखाच्या पुढे गेला आणि पुढे तो उतरला. मधल्या काळात ज्यांच्या हातात रोजचं खेळतं भांडवल नव्हतं, त्यांनी माग बंद ठेवले.

त्यात रुपयाची भर पडली. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला डॉलर ९० रुपयांच्या पुढे गेला आणि हे सगळे भाग डॉलरमध्येच येतात. गुजरातेत साणंदला मायक्रॉनचा प्रकल्प आहे, पण तिथे चिपची जुळणी आणि चाचणी होते. चकती बाहेरूनच येते आणि भाव जगाच्या बाजारात ठरतो.

'पण सप्टेंबरमध्ये जीएसटी कमी झाला ना?' हा प्रश्न हमखास येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या मॉनिटर आणि टीव्हीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला, हे खरं. पण आपण घेतो तो २४ इंची मॉनिटर आधीपासूनच १८ टक्क्यांत होता. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्डही १८ टक्क्यांतच होतं आणि आहे. या कपातीतून पीसी बनवणाऱ्याच्या हाती काही पडलेलं नाही.

आधी गेम सांगा, मग पीसी

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न 'आय५ घेऊ का आय७?' असा असतो. सुरुवात उलट्या टोकाने व्हायला हवी. कोणता गेम खेळणार आणि कसल्या स्क्रीनवर, हे ठरलं की ग्राफिक्स कार्ड ठरतं. त्यावरून प्रोसेसर, आणि शेवटी बाकीचं.

बीजीएमआय खेळायचा असेल तर पीसी घ्यायचं कारणच नाही, तो मोबाइलचा गेम आहे. व्हॅलोरंट हा हलका गेम आहे. तो ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसर जास्त मागतो आणि चांगल्या इनबिल्ट ग्राफिक्सवरही १०८० पिक्सेलवर कमी सेटिंगला व्यवस्थित चालतो. जीटीए ५ मध्यम. सायबरपंक किंवा ब्लॅक मिथ वुकाँगसारखे गेम मात्र ग्राफिक्स कार्डाचा घाम काढतात.

आणि जीटीए ६? 'सहासाठीच पीसी बनवतोय' असं सांगणारे प्रत्येक ग्रुपवर आहेत. रॉकस्टारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेली १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्ससाठी आहे. त्या घोषणेत पीसीचं नाव नाही. याच कंपनीचा जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. जो गेम पीसीवर कधी येणार हेच जाहीर नाही, त्याच्यासाठी आज महागात रॅम घेणं म्हणजे म्हैस पाण्यात असताना शिंगांचा सौदा.

घरच्यांचा वेगळाच प्रश्न असतो: 'सरकारनं गेमिंगवर बंदी घातली ना?' ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली. ई-स्पोर्ट्सना त्याच कायद्यात मान्यता आहे. व्हॅलोरंट किंवा जीटीएचा त्या बंदीशी संबंध नाही.

आता ६० हजारांचा हिशोब

२०२५ च्या मध्यावर ६० हजारांत मॉनिटरसकट एक चांगला पीसी बसत होता. आकडे ढोबळ आहेत, दुकानागणिक हजार-पाचशेचा फरक धरा. रायझन ५ ५६०० प्रोसेसर दहा हजारांच्या आसपास, बी४५० किंवा बी५५० मदरबोर्ड साडेसहा, १६ जीबी डीडीआर४ रॅम साडेतीन, एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी पाच, रेडिऑन आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड एकवीस, बऱ्यापैकी एसएमपीएस चार, कॅबिनेट अडीच आणि २४ इंची १०० हर्ट्झ मॉनिटर साडेसात. बेरीज बरोबर ६०. यात कीबोर्ड, माऊस, हेडफोन आणि यूपीएस नाहीत. ते बहुतेक कोटेशनमध्ये नसतातच, पैसे दिल्यावर आठवतात.

आता रॅम आणि एसएसडी या दोन ओळी अडीचपट करून बघा. साडेआठ हजारांचे वीस-एकवीस होतात. बारा हजारांचा खड्डा पडला.

हा खड्डा भरायला बहुतेक जण दोन ठिकाणी कात्री लावतात. एसएमपीएस पाचशे-हजारवाला घेतात, किंवा ग्राफिक्स कार्ड एकदम खालच्या दर्जाचं. दोन्ही चुकीचं आहे. साधा नियम लावला तर वाट सापडते: जे नंतर वाढवता येतं ते आज कमी घ्या, जे नंतर पूर्ण काढून टाकावं लागतं ते आजच नीट घ्या.

एसएसडी नंतर वाढवता येते. अनेक बोर्डांना दुसऱ्या एसएसडीची जागा असते आणि सॅटा पोर्ट तर असतातच. एक टीबीऐवजी ५०० जीबी घ्या. जीटीए ५ शंभर जीबीच्या पुढे जातो, व्हॅलोरंट त्याच्या निम्म्याहून कमी. दोन-तीन गेम एका वेळी बसतील. चौथा हवा तर एक काढायचा, किंवा जुन्या पीसीतली हार्ड डिस्क फोटो-सिनेमांसाठी लावायची.

रॅमही नंतर वाढवता येते, पण इथे एक गोम आहे. आठ-आठ जीबीच्या दोन स्टिक एका सोळाच्या स्टिकपेक्षा जोरात चालतात, कारण प्रोसेसरला दोन रस्ते मिळतात. पण बोर्डाला दोनच खाचा असतील तर पुढे वाढवायला जागा राहत नाही आणि आज महागात घेतलेल्या दोन्ही काढाव्या लागतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावणार असाल आणि बोर्ड दोन खाचांचा असेल, तर माझं मत सोळाच्या एका स्टिकच्या बाजूने आहे. काही फ्रेम कमी मिळतील, पण भाव उतरल्यावर शेजारी दुसरी बसवता येईल. इनबिल्ट ग्राफिक्सवर खेळणार असाल तर मात्र दोन स्टिक हव्यातच, कारण तिथे ग्राफिक्सही त्याच रॅमवर जगतं. आठ जीबीवर भागवायचा विचार करू नका. विंडोज आणि ब्राउझरच त्यातली निम्मी खातात.

प्रोसेसरमध्ये दोनेक हजार वाचतात. रायझन ५ ५५०० किंवा इंटेलचा आय३ १२१००एफ या ग्राफिक्स कार्डाला पुरतो. इंटेलच्या १२ व्या पिढीचे बोर्ड डीडीआर४चेही येतात आणि डीडीआर५चेही. त्यांच्या खाचा वेगळ्या असतात, एकातली रॅम दुसऱ्यात बसत नाही, म्हणून बोर्डाच्या नावापुढचा डी४ किंवा डी५ बघून घ्या. रायझनच्या बॉक्समध्ये येणारा कूलर पुरेसा आहे, अडीच हजारांचा रंगीत कूलर आज नको. 'ट्रे' म्हणून विकला जाणारा प्रोसेसर स्वस्त दिसतो, पण त्यात कूलर नसतो आणि वॉरंटी कोण देणार हे विचारून घ्यावं लागतं.

ग्राफिक्स कार्डात आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ५०५० ही पातळी सोडू नका. आरटीएक्स ३०५० ची सहा जीबीवाली आवृत्ती तीन-चार हजारांनी स्वस्त पडते, पण चालायला बरीच मागे आहे. इंटेलचं आर्क बी५८० कार्ड कागदावर मोहात पाडतं, १२ जीबी मेमरी आहे. पण ते जुन्या किंवा हलक्या प्रोसेसरबरोबर अपेक्षेइतकं पळत नाही आणि बोर्डात रिसायझेबल बार नावाची सोय चालू असावी लागते. साठ हजारांच्या यादीत ते सहसा जुळत नाही. आणि हेही ध्यानात ठेवा की ग्राफिक्स कार्डावरची मेमरीही याच तीन कंपन्यांकडून येते, त्यामुळे तिथले भाव शांत राहतील असं धरून चालू नका.

एसएमपीएस, यूपीएस आणि कापसाचे तंतू

एसएमपीएसवर एवढा भर का? कारण जळताना तो एकटा जळत नाही, बाकीच्यांना घेऊन जातो. कॅबिनेटबरोबर 'फ्री' येणाऱ्या डब्यावर ४५० वॉट लिहिलेलं असतं. त्याच्या बाजूचा तक्ता वाचा. पीसीतला जवळपास सगळा भार १२ व्होल्टच्या वायरीवर असतो. तिथे १८ अँपिअर लिहिलं असेल तर बारा गुणिले अठरा, म्हणजे २१६ वॉट. बाकीचा आकडा शोभेचा. ५५० वॉटच्या चांगल्या एसएमपीएसवर याच जागी ४५ अँपिअरच्या आसपास आकडा दिसतो. वर सांगितलेला पीसी खेळताना २५०–२८० वॉट ओढतो. ८० प्लस ब्राँझचा शिक्का आणि तीन-पाच वर्षांची वॉरंटी असलेला घेतला, तर तो पुढच्या पीसीतही चालेल.

मागांच्या गावात विजेचं काही सांगायला नको. गेमच्या मधोमध वीज जाऊन आली की एसएसडीवर लिहिलं जाणारं अर्धवट राहतं आणि विंडोज रुसून बसतं. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. गेम चालू असताना तो दोन-चार मिनिटं देईल, तीही बॅटरी नवी असताना. सेव्ह करून बंद करायला तेवढं पुरतं. खेळ चालूच ठेवायचा असेल तर १००० व्हीए बघावा लागेल. घरात इन्व्हर्टर असेल तर आधी त्याच्या मागे बघा, अनेकांवर 'यूपीएस मोड'चं बटण असतं. ते साध्या मोडवर असेल तर वीज बदलताना लागणाऱ्या क्षणभराच्या वेळात पंखा फिरत राहतो, पण पीसी बंद पडतो.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दोष बहुतेक वेळा पीसीचा नसतो. प्लगच्या तिसऱ्या पिनला अर्थिंग पोहोचलेलं नसतं. वायरमनला बोलवा, पीसी दुकानात नेऊन काही होणार नाही.

आणि एक गोष्ट पुण्या-मुंबईचे यूट्यूबवाले कधी सांगणार नाहीत. घराशेजारी माग असतील तर हवेत कापसाचे बारीक तंतू असतात. पुढून काचबंद कॅबिनेट आधीच कोंदट, त्यात हे तंतू पंख्यात आणि कूलरच्या पात्यांत जाऊन गादी तयार करतात. पुढे जाळी असलेलं आणि जाळी काढून झटकता येईल असं कॅबिनेट घ्या, भले त्यात रंगीत दिवे कमी असोत. महिन्याला एकदा ती जाळी झटकली की पीसी गरम होण्याची निम्मी तक्रार संपते.

२५ हजारांचा 'आय७ गेमिंग पीसी'

रॅम महागल्यापासून या रील्सना जोर आलाय. काचेचं कॅबिनेट, सात रंगांचे पंखे, 'आय७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, नाद खुळा, फक्त २५ हजार'. आय७ म्हणजे कितव्या पिढीचा ते सांगितलेलं नसतं. तो बहुतेक वेळा तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीचा असतो, म्हणजे २०१२-१३ चा माल. रॅम १६ जीबी असते, पण डीडीआर३. ती पुढच्या कुठल्याच बोर्डात जाणार नाही.

खरी अडचण वेगाची नाही. विंडोज १० चा मोफत सुरक्षेचा काळ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझनची दुसरी पिढी, आणि टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग लागतो. जुन्या मशीनवर जुगाड करून विंडोज ११ टाकून देतात. पण त्या विंडोज ११ वर व्हॅलोरंट सुरू केला की त्याची व्हॅनगार्ड नावाची यंत्रणा टीपीएम आणि सिक्युअर बूट मागते आणि गेम उघडतच नाही. बॅटलफील्ड ६ ला सिक्युअर बूट लागतं, कॉल ऑफ ड्यूटीच्या ब्लॅक ऑप्स ७ ला दोन्ही. ज्या गेमसाठी २५ हजार दिले, तोच गेम दारात अडवतो.

याच पैशांत एक चांगला पर्याय आहे आणि रॅमच्या महागाईत तो आणखी चांगला झालाय. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसमधून निघालेले डेल, एचपी, लेनोवोचे पीसी. आठव्या, नवव्या किंवा दहाव्या पिढीचा आय५ असलेला घ्या. त्यात टीपीएम असतं, डीडीआर४ रॅम आणि एसएसडी आधीच बसवलेली असते, आणि पूर्ण मशीन विकताना बऱ्याच विक्रेत्यांनी रॅमची वाढ अजून पूर्ण धरलेली नसते. अशा मशीनचा एसएमपीएस कंपनीचा खास आकाराचा असतो आणि त्याला बहुतेकदा ग्राफिक्स कार्डाची जादा वायर नसते. म्हणून वर ज्याला मागे ठेवलं तेच सहा जीबीचं आरटीएक्स ३०५० इथे कामाला येतं. ते ७० वॉटवर, बोर्डाच्या खाचेतूनच चालतं. कॅबिनेट बारीक असेल तर कमी उंचीचं कार्ड लागेल, उंची मोजून जा. ज्याचं बजेट ६० नसून ४० आहे त्याने नव्या भागांच्या मागे न लागता हाच रस्ता धरावा असं मला वाटतं.

जुनं घेण्यात कमीपणा तो कसला? इचलकरंजी-कबनूरच्या पट्ट्यात कित्येक कारखाने जुन्या मागांवर उभे राहिलेत. पण तिथे कुणी माग चालवून बघितल्याशिवाय पैसे देत नाही. ग्राफिक्स कार्डाला तेच लावा. कुरिअरने येणारं, 'चेक करून पाठवतो' वालं कार्ड नको. विकणाऱ्याच्या घरी किंवा दुकानात बसून अर्धा तास गेम चालवा, पडद्यावर ठिपके-पट्ट्या येतात का, पंखा खरखरतो का ते बघा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग बंद पाडलं आणि वर्षानुवर्षं दिवसरात्र राबलेली कार्डं बाजारात आली, ती अजून फिरतायत. आरएक्स ५८० घेताना जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर लावून शेडरचा आकडा बघा. खऱ्या ५८० ला २३०४ असतो. २०४८ दिसला तर ते ५८० च्या नावाने विकलं जाणारं कमी ताकदीचं कार्ड आहे. मूळ बिल मागा. बिलाशिवाय वॉरंटी हा शब्द बोलण्यापुरता असतो.

नव्या भागांनाही बिलाची गोष्ट लागू आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन हजार रुपये कमी दिसतील. पण भाग बिघडला तर तो कुठे न्यायचा, कुरिअर कोण भरणार, किती दिवस पीसी बंद राहणार, हे आधीच विचारा. इचलकरंजीतला किंवा कोल्हापुरातला दुकानदार स्वतः भाग पाठवून देणार असेल तर त्या हजाराचं वाईट वाटून घेऊ नका.

थांबावं का?

दोन-तीन महिने थांबून भाव पूर्वपदावर येतील अशी चिन्हं नाहीत. मायक्रॉननेच डिसेंबर २०२५ मध्ये गुंतवणूकदारांना सांगितलं की टंचाई २०२६ च्या पुढेही राहील. पण 'उद्या अजून वाढणार' म्हणून ३२ जीबी उचलायचीही गरज नाही. या बजेटच्या पीसीत १६ पुरते.

मधला रस्ता दोन हप्त्यांचा आहे. आज रायझन ५ ५६००जीसारखा इनबिल्ट ग्राफिक्सवाला प्रोसेसर, आठ-आठच्या दोन स्टिक, ५०० जीबी एसएसडी आणि चांगला एसएमपीएस घ्यायचा. व्हॅलोरंट आणि कॉलेजची कामं लगेच सुरू होतात. सहा-आठ महिन्यांनी पैसे साठले की ग्राफिक्स कार्ड बसवायचं. यात थोडं नुकसान आहे, ५६००जी हा पुढे ग्राफिक्स कार्डासह ५६०० इतका पळत नाही. पण भिशी लागायच्या आधी खेळायला मिळतं.

ज्यांच्याकडे आधीच पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीचा रायझन आणि बी४५० बोर्ड आहे, ते या बाजारात सगळ्यात सुखी. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून बायोस अपडेट करायचा आणि त्याच सॉकेटमध्ये ५६०० बसवायचा. बोर्ड तोच, रॅम तीच. जुना पीसी एक्स्चेंजमध्ये द्यायची घाई करू नका. दुकानदार त्याची किंमत 'भंगार' म्हणून लावेल, पण आतली १६ जीबी डीडीआर४ आज भंगार राहिलेली नाही.

पीसी घरी आणल्यावर एक काम त्याच दिवशी करा. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा आणि वेग बघा. ३२०० ची म्हणून घेतलेली रॅम पुष्कळदा २१३३, २४०० किंवा २६६६ वरच चालत असते, कारण बायोसमधली एक्सएमपी ही सेटिंग जोडणाऱ्याने चालूच केलेली नसते. चालू केली की वेग वाढतो, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.